पांढरी दोन आणि जॅझची एक तबकडी

श्रोतेहो, नमस्कार.

आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ. दर एकादशीला देवळात भजन असतं आणि पेटी माझ्याकडे असते. काही वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट सांगतो. बाहेर पाऊस कोसळत होता, भजनाला अजून तासभर अवकाश होता आणि मी माजघरात एक रेकॉर्ड लावून बसलो होतो. अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेली ही एलपी जॅझ ऐकणाऱ्या बहुतेकांच्या घरी असतेच. आमचे बुवा पेटी न्यायला आले. त्यांनी छत्री पडवीत टेकवली, दारातच उभं राहून मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, “बरा वाजवता हो. पण ह्या चढा वाजता मरे.”

बुवांनी जॅझ त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पण त्यांचा कान असा की भजनात कुणी मागे बसून जरासं बेसूर झालं तरी त्यांना कळतं. मी पेटी उघडली.

त्या रेकॉर्डवरची पहिली रचना ‘सो व्हॉट’. पांढरी दोन, म्हणजे पेटीच्या सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी, हा सा धरला की ती सरळ काफी थाटात बसते: गंधार आणि निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. चार-चार मात्रांची सोळा आवर्तनं त्या सा वर, मग आठ आवर्तनं सगळं अर्धा सूर वर, म्हणजे काळी दोनवर, आणि शेवटची आठ पुन्हा मूळ सा वर. जॅझ आपल्याला परकं वाटतं असं म्हणणाऱ्यांना मी आधी हीच रचना ऐकवतो, कारण तिच्यात सुरावटींची फार गर्दी नाही. एका थाटात वादक निवांत फिरतो. तर मी पांढरी दोन दाबून धरली, आणि रेकॉर्डचा सा पेटीशी जुळेना. दोन जवळजवळचे सूर एकत्र वाजले की आवाज जसा डोलायला लागतो, तसा तो डोलत होता. रेकॉर्ड किंचित वर होती.

पहिला संशय पेटीवर. समुद्राच्या खाऱ्या हवेत पितळी स्वरपट्ट्या उतरतात हे आपल्याकडच्या प्रत्येक पेटीवाल्याला ठाऊक आहे. दुसरा संशय टर्नटेबलवर. त्याचा वेग तपासायला एक कागदी चकती मिळते. आपल्या विजेचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. चकतीवर १८० रेघा असतात आणि मिनिटाला ३३⅓ फेऱ्या बरोबर होत असतील, तर त्या दिव्याच्या उजेडात त्या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. माझ्या थांबल्या. (हे नव्या एलईडी दिव्याखाली बहुधा जमत नाही, देवघरातला छोटा निऑनचा दिवा उत्तम.)

मग बुवाच म्हणाले, “दुसरी बाजू लाव.” दुसऱ्या बाजूला ‘ऑल ब्लूज’ आहे. सहा मात्रांचा डौल, आपल्या दादऱ्याच्या जवळचा, आणि सुरुवातीला पांढरी पाचवर खमाजाचे सूर. तीच पेटी, तेच टर्नटेबल, तीच सुई. सूर असा जुळला की पेटी वेगळी ऐकूच येईना. म्हणजे दोष पेटीचा नव्हता आणि यंत्राचाही नव्हता. तबकडीची एक बाजू चढी होती आणि दुसरी सुरात होती.

त्या रात्री भजनाला आम्ही उशिरा पोचलो.

पुढे वाचून कारण कळलं ते असं. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्च १९५९ रोजी मुद्रित झाल्या, दुसऱ्या बाजूच्या २२ एप्रिलला. कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत दोन टेपयंत्रं एकाच वेळी चालत, एक मुख्य आणि एक खबरदारीचं. मार्चमध्ये मुख्य यंत्र जरासं हळू चालत होतं. हळू चाललेल्या यंत्रावर भरलेली टेप दुसऱ्या, बरोबर वेगाच्या यंत्रावर वाजवली की संगीत जलद होतं आणि सूरही वर जातो. एप्रिलच्या बैठकीपर्यंत यंत्र ठीक झालं होतं. पण तबकडी निघाली ती मुख्य टेपवरून. त्यामुळे पहिली बाजू तेहतीस वर्षं चढीच वाजत राहिली. १९९२च्या नव्या आवृत्तीसाठी खबरदारीच्या यंत्रावरची टेप वापरली, तेव्हा ती सुरात आली. त्यानंतरच्या बहुतेक आवृत्त्या सुधारलेल्या आहेत.

आता संग्राहकांच्या जगात या गोष्टीचा अर्थ काय होतो तो पाहा. त्या एलपीच्या पहिल्या छपाईच्या लेबलवर डोळ्यांसारखी सहा चिन्हं आहेत. क्रमांक मोनोचा, म्हणजे एकाच वाहिनीतल्या आवाजाच्या प्रतीचा, सीएल १३५५; स्टीरिओचा, म्हणजे दोन वाहिन्यांच्या प्रतीचा, सीएस ८१६३. या प्रतींसाठी लोक मोठी किंमत मोजतात, आणि ती प्रत सुरात नाही. माझी प्रत तितकी जुनी नाही. लाल लेबलची, सत्तरच्या दशकातली. मामा बोटीवर होते, त्यांनी कुठल्याशा बंदरात घेतलेली. तीही त्याच टेपवरून निघालेली, म्हणून तीही चढी. कोरी सुधारलेली आवृत्ती मी नंतर मागवली. तेव्हापासून कुठल्याही तबकडीचं वय मी तिच्या आवाजाच्या आधी विचारत नाही.

मामांबद्दल एक सांगायला हवं. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतली माणसं बोटींवर गेली. कुणी परदेशी कापड आणलं, कुणी घड्याळं, मामांनी रेकॉर्ड आणल्या. बोटीवर रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकाचा जॅझचा कार्यक्रम लागायचा. १९५५ पासून तो विलिस कोनोव्हर सादर करत. इंग्रजी ज्यांची भाषा नाही अशा श्रोत्यांना कळावं म्हणून ते मुद्दाम सावकाश बोलत. मामांचं इंग्रजी बेताचं, पण वादकांची नावं त्यांना पाठ होती.

तर आवृत्त्यांची तुलना. यात मी बराच काळ रमलो आहे आणि माझा हट्ट एकच आहे: दोन तबकड्या सारख्याच मोठ्या आवाजात ऐकायच्या. एखादी नुसती जरा मोठ्यानं वाजली तरी कान तिलाच चांगली म्हणतो. प्रत्येक छपाईत आवाजाची पातळी निराळी असते, म्हणून दरवेळी बटण थोडं फिरवावं लागतं. माझा भाचा तबकड्या लावतो, मी भिंतीकडे तोंड करून बसतो आणि कुठली वाजते आहे ते तो सांगत नाही. आधी कळलं की ही महागाची, तर कान तिची बाजू घेतो.

एक उदाहरण देतो. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची ‘ब्लू ट्रेन’, ब्लू नोट कंपनीची, मुद्रण १५ सप्टेंबर १९५७. ध्वनिमुद्रण केलं रुडी व्हॅन गेल्डर यांनी. दिवसा डोळे तपासायचे आणि न्यू जर्सीतल्या हॅकनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ मुद्रित करायचे, असा हा माणूस. तबकडीवर गाणं संपून लेबल सुरू होण्याआधी जो कोरा पट्टा असतो, त्यात जुन्या प्रतींवर त्यांची ‘आरव्हीजी’ ही अक्षरं असतात. शेजारी कानासारखी एक खूण. ती प्लास्टीलाइट या छपाई कारखान्याची. १९६५ मध्ये ब्लू नोट विकली गेली आणि त्यानंतर थोड्याच काळात ही खूण दिसेनाशी झाली. जुन्या तबकडीचा खरेपणा संग्राहक याच पट्ट्यावर तिरका उजेड पाडून पाहतात.

गिरगावातल्या एका स्नेह्यांकडे ती जुनी मोनो प्रत आहे. मी ब्लू नोटच्याच ‘टोन पोएट’ या पुनर्मुद्रणांच्या मालिकेतली २०२२ ची मोनो आवृत्ती घेऊन गेलो. मोनोशी मोनोच लावायची, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. दुपारभर आम्ही दोन्ही ऐकल्या. जुन्या प्रतीत ली मॉर्गन यांचा ट्रम्पेट अंगावर येतो. पितळेची झळ जाणवते, वादक हातभर अंतरावर उभा आहे असं वाटतं. पण पॉल चेंबर्स यांचा बास, म्हणजे खर्जाचं मोठं तंतुवाद्य, कृश आहे. नव्या प्रतीत बासला लाकूड आहे, तारेमागचा पोकळ खोका ऐकू येतो. झांज वाजून विरते तेव्हा खोलीही ऐकू येते. ट्रम्पेट मात्र दोन पावलं मागे सरकला.

याचं कारण तबकडीच्या खाचेत आहे. खर्जाचा सूर खाच रुंद डोलवतो. फार खर्ज भरला तर त्या काळच्या स्वस्त, जड सुया खाचेतून उडत. म्हणून खाच कापतानाच खर्ज आवरायचा आणि मधले सूर पुढे आणायचे, अशी रीत होती. आज तशी भीती बाळगायचं कारण नाही. त्यामुळे टेपवर खर्ज जसा आहे तसा तबकडीत उतरवता येतो. पण व्हॅन गेल्डर यांनी जी खाच कापली तीसुद्धा त्यांची निवड होती, आणि ती झळ नव्या प्रतीत नाही. मला विचाराल तर मी घरी ऐकायला नवी ठेवीन. ट्रम्पेटच्या पहिल्या ओळीसाठी मात्र जुनी ऐकायला गिरगावात पुन्हा जाईन.

अजून एक बाब, थोडक्यात. तबकडी एकाच गतीनं फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २१. त्यामुळे शेवटची रचना बऱ्याचदा जराशी खरखरीत, दबलेली वाटते. काही नव्या आवृत्त्या एकच एलपी दोन तबकड्यांवर, ४५ फेऱ्यांच्या वेगानं काढतात. पैसे जास्त लागतात आणि दर दहा-बारा मिनिटांनी उठावं लागतं. पण फरक ऐकू येतो.

आणि २०२२ मध्ये जे झालं ते विसरता येत नाही. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या तबकड्या निव्वळ टेपवरून काढलेल्या म्हणून लोक जपत होते. त्यातल्या पुष्कळशांच्या वाटेत डिजिटल पायरी होती, हे तेव्हा उघड झालं. लोक दुखावले, आणि ते योग्यच होतं, कारण काय विकतो ते सांगायला हवं. पण त्याच तबकड्यांच्या आवाजाची तारीफ वर्षानुवर्षं झाली होती आणि ती करणारे कान खोटे नव्हते.

आता आपल्या हवेबद्दल, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या माळ्यावर रेकॉर्ड असतीलच. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते. रेकॉर्ड तिला टेकवून ठेवू नका, जमिनीवरही नको. उभ्या ठेवा, एकमेकींवर रचून नाही, वजनानं त्या वाकतात. श्रावणापर्यंत कव्हरवर पांढरी बुरशी येते. ती आतल्या कागदातून खाचेत शिरते आणि मग सुईखाली तडतड सुरू होते. आतला जुना कागद टाकून द्या, प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं पाकीट वापरा. एलपी डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ कापडानं खाचेच्या दिशेनं गोल पुसावी, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं, आणि सावलीत उभी वाळवावी. उन्हात कधीच नको. आणि कृपा करून लक्षात ठेवा: आजोबांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या जड तबकड्या लाखेच्या आहेत. त्यांना स्पिरिट लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि एका पुसण्यात गाणं जातं.

गेल्या महिन्यात मालवणच्या एका घरातून निरोप आला. वाडा उतरवणार होते, माळ्यावर पेटारा सापडला. त्यात ७८ च्या तबकड्या आहेत, काही मुंबईतल्या नाचाच्या बँडच्या. त्या काळी गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली पोरं मुंबईला जात, रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या वाद्यवृंदात. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांतलेच, सी. रामचंद्रांच्या संगीतात त्यांचा मोठा वाटा. पेटाऱ्यातल्या बऱ्याच लेबलांवर बुरशी आहे, नावं अजून वाचता येत नाहीत. ऊन पडायला लागलं की धुवायला घेणार आहे. बुवांनी सांगून ठेवलंय, पहिली लावशील तेव्हा पेटी घेऊन येतो.