वाटेचा रखवालदार

(दृश्य: इंदूर. राजवाड्यासमोरची सकाळची वर्दळ.)

इंदूर वाढलं ते वाटेवरचं गाव म्हणून. दख्खनेतून नर्मदा ओलांडून उज्जैन, आग्रा, दिल्लीकडे जायचं तर माळवा ओलांडावाच लागे. व्यापाऱ्यांचे बैल, काशीचे यात्रेकरू, सगळे याच रस्त्यानं जायचे. आणि घाटात लुटलेही जायचे.

अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ इथे राज्य केलं. त्यांचे घाट, विहिरी, धर्मशाळा शाळेपासून आपल्या कानावर असतात. भिलकवडीबद्दल, म्हणजे भिल्लांच्या वाटकराबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. आम्हाला तर ती त्यांच्या कारभारातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत. बाईंनी आधी समजावलं, मग सक्ती केली, काहींना कठोर शिक्षाही दिल्या. पण त्यावर त्या थांबल्या नाहीत. वाटेनं जाणाऱ्या मालावर किरकोळ कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क, म्हणजे भिलकवडी, त्यांनी मान्य केला. बदल्यात अट घातली: तुमच्या हद्दीत चोरी झाली तर माल तुम्ही शोधून द्यायचा. त्या दिवसापासून प्रत्येक मैलाला उत्तर देणारं कुणीतरी होतं.

(दृश्य: घाटातला जुना रस्ता.)

अहिल्याबाई गेल्या, दोन वर्षांनी त्यांचे सेनापती आणि वारस तुकोजीराव गेले आणि वारसांत तंटे पेटले. ऑक्टोबर १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेनं इंदूर लुटलं. पुढे पेंढाऱ्यांचा सुळसुळाट झाला. १८१८ नंतर जॉन माल्कम हा ब्रिटिश अधिकारी इंदूरजवळच्या महूच्या छावणीत होता. त्यानं लिहून ठेवलंय की या काळाला इथली माणसं ‘गर्दी का वक्त’, म्हणजे अंदाधुंदीचा काळ म्हणत. डोंगर तेच होते, वाटा त्याच. जाब कुणाला विचारायचा, तेवढं उरलं नव्हतं.

(दृश्य: विमानतळ. देवी अहिल्याबाई होळकरांच्या नावाची पाटी.)

आपल्या पासपोर्टात राष्ट्रपतींच्या नावानं एक विनंती छापलेली असते: या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्यावं, लागेल ती मदत आणि संरक्षण द्यावं. ती मानायला पलीकडे कुणीतरी जागेवर असावं लागतं.

८ सप्टेंबर २०२५. समाजमाध्यमांवरच्या बंदीचं निमित्त झालं आणि काठमांडूत तरुण रस्त्यावर उतरले. भ्रष्टाचाराचा राग त्याहून जुना होता. त्या एका दिवसात किमान १९ जीव गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद भवन पेटलं, एक मोठं पंचतारांकित हॉटेल जळालं, त्रिभुवन विमानतळ बंद झाला. इंदूरच्या रामबागेतून पशुपतिनाथाला गेलेल्या एखाद्या आजी-आजोबांनी अशा संध्याकाळी कुणाकडे जायचं? पोलिस चौक्याच जळत होत्या. आधार उरतो तो आपल्या दूतावासाच्या फोन नंबरचा. म्हणून तो निघण्याआधीच कागदावर लिहून घ्या, मोबाइलची बॅटरी संपते. विम्याची पॉलिसीही नीट वाचा. युद्ध आणि यादवीमुळे झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं.

काठमांडूचा विमानतळ १० तारखेला पुन्हा उघडला. १२ तारखेला सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या.

श्रीलंकेला सावरायला जास्त वेळ लागला. २०१८ मध्ये तिथे २३ लाखांवर पर्यटक आले होते. २०२२ मध्ये परकीय चलन आटलं, पेट्रोलसाठी मैलोगणती रांगा लागल्या, जुलैत आंदोलक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. वर्षभरात जेमतेम सात लाख पर्यटक आले. टॅक्सीवाल्याला पेट्रोल मिळेना, हॉटेलातले दिवे तासन्‌तास जात. समुद्रकिनारे होते तसेच सुंदर होते.

मग इंधनाचं वाटप क्यूआर कोडवर आलं, आठवड्याचा कोटा ठरला. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज मंजूर झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये मतदानातून राष्ट्राध्यक्ष बदलला, आणि त्याच वर्षी पर्यटकांचा आकडा पुन्हा २० लाखांवर गेला.