ब्राउझर आपोआप नंबर फिरवतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. ब्राउझर उघडला आणि कुणी न सांगता मोडेम, म्हणजे संगणक टेलिफोनच्या तारेला जोडणारं यंत्र, नंबर फिरवायला लागला, हा त्रास टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट वापरणाऱ्या पुष्कळांना व्हायचा. आडत दुकानात बहुतेक तोच एक फोन असायचा. सेलूहून, मानवतहून भाव विचारणाऱ्याला मग लाइन एंगेज लागायची आणि इकडे बिल चढत राहायचं. अजूनही असा जुना संगणक त्या तारेवर चालवत असाल, तर ऐका.

दोष मोडेमचा नाही. ब्राउझरला होम पेज म्हणून एखादी वेबसाइट दिलेली असते. उघडल्याबरोबर तो ती आणायला निघतो. दुसरं कारण सहसा लक्षातच येत नाही. तुरीच्या भावाचं पान तुम्ही संगणकावर साठवलेलं असतं, पण त्यातली चित्रं नेटवरच राहिलेली असतात. पान घरातलं, चित्रासाठी मात्र बाहेर धाव! अशी पानं उघडताना फाइल मेनूतलं ‘वर्क ऑफलाइन’ लावून ठेवा.

पक्का उपाय असा. संगणकावर विंडोज एक्सपी ही जुनी प्रणाली असेल, तर तिच्यातल्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या टूल्स मेनूत इंटरनेट ऑप्शन्स उघडा. ‘कनेक्शन्स’ टॅबवर तीन पर्याय दिसतील. पहिला, ‘नेव्हर डायल अ कनेक्शन’, निवडा. मग ‘जनरल’ टॅबवर ‘यूज ब्लँक’ दाबून ओके करा. आता नेट हवं असेल तेव्हा कनेक्शनच्या चिन्हावर डबल क्लिक करून आपणच जोडायचं. हा जास्तीचा एक क्लिक खुशाल सोसा.

तरीही मोडेम वाजला तर मेलचा प्रोग्राम बघा. एक्सपीतल्या आउटलुक एक्सप्रेसला दर 30 मिनिटांनी टपाल तपासायला सांगितलेलं असतं. टूल्स, ऑप्शन्समध्ये जाऊन ती टिक काढा. डायल करण्याच्या चौकटीत ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ आणि पासवर्ड साठवण्याची टिक असेल, तर त्याही काढा. पासवर्ड साठवलेला नसला की ब्राउझरला किंवा मेलच्या प्रोग्रामला तुमच्या नकळत नेट जोडता येत नाही.

आणि ‘फुकट बघा’ म्हणून एखादी साइट छोटा प्रोग्राम उतरवायला सांगत असेल, तर साफ नाही म्हणा. त्यातले काही चोरून परदेशातला नंबर फिरवतात. त्यांना ब्राउझरची सेटिंग अडवत नाही. फोनचं एसटीडी, आयएसडी, म्हणजे परगावी आणि परदेशात फोन लावण्याची सोय, कुलूपबंद ठेवलं तर ते अडतात.

काम संपलं की मोडेमची टेलिफोन वायर काढून ठेवा. मृगात वीज कडाडायला लागली तर आधी तीच काढा. विजेचा झटका त्या तारेतूनही आत येतो आणि मोडेम जळतो.