डब्यातली पावडर आणि शेवटची वीस मिनिटं

नमस्कार मंडळी! आज फुटबॉल खेळणाऱ्या पोरांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलायचंय, ते प्री-वर्कआउट (खेळाआधी घ्यायची, बहुधा कॅफीनवाली पावडर), क्रिएटिन (स्नायूंना झटपट ताकद पुरवणारा पदार्थ), फॅट बर्नरचे (चरबी घटवण्याचा दावा करणारे) डबे असतात ना, त्यांच्याबद्दल. परवा मॅचआधी ड्रेसिंग रूममध्ये 16 वर्षांचा एक पोरगा शेकर हलवत होता, दोन स्कूप टाकलेले, आणि बुटाची लेस बांधताना बोटं नुसती थरथरत होती त्याची. मी विचारलं सकाळपासून काय खाल्लंस, तर म्हणे काहीच नाही सर, भूकच लागत नाही. जीव तुटला हो माझा! शेकर बाजूला ठेवायला लावला, दोन केळी दिली.

अहो, मॅचच्या 90 मिनिटांत मैदानातला खेळाडू साधारण 10 ते 12 किलोमीटर पळतो, तेही एका लयीत नाही, थांब, वळ, उडी मार, परत स्प्रिंट. त्याला लागतं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, आणि शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होतात ते बऱ्याचदा हा साठा संपत आल्यामुळे. तो भरायचा आदल्या दिवसापासून, भात, ब्रेड, बटाटा खाऊन. वजनाच्या दर किलोमागे 6 ते 8 ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे 60 किलोच्या पोराला निदान 360 ग्रॅम, स्कूपमध्ये मावतंय का हे?

सगळेच डबे फसवे असं मी म्हणत नाही. क्रिएटिन रोज 3 ते 5 ग्रॅम, मोठ्या खेळाडूंना वारंवार स्प्रिंट मारताना मदत होते. कॅफीनचाही फायदा होतो, पण संध्याकाळच्या मॅचला घेतलं की रात्रीची झोप गेली, आणि झोपेसारखी रिकव्हरी कशातच नाही.

खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, गोळ्या-पावडरीतून नकळत पोटात जाणाऱ्या, खेळात बंदी असलेल्या पदार्थांची. मँचेस्टर सिटीचा तेव्हाचा बचावपटू कोलो टुरेनं वजन उतरवायला बायकोच्या गोळ्या घेतल्या आणि 2011 मध्ये 6 महिन्यांची बंदी ओढवून घेतली. फ्रान्सचा मिडफिल्डर पॉल पोग्बा 2023 मध्ये डोपिंग चाचणीत पॉझिटिव्ह आला, त्याच्या म्हणण्यानुसार डॉक्टरनं दिलेल्या सप्लिमेंटमधून डीएचईए (शरीरात टेस्टोस्टेरॉन बनायला लागणारं, खेळात बंदी असलेलं हार्मोन) पोटात गेलं होतं, आधी 4 वर्षांची बंदी, मग अपिलात 18 महिन्यांवर आली, मुद्दाम केलं नाही हे मान्य होऊनसुद्धा! वाडाचा, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेचा, नियमच तसा आहे, सँपलमध्ये सापडलं की जबाबदार खेळाडूच.

म्हणून डबा घ्यायचाच असेल तर आधी टीमच्या डॉक्टरला दाखवा, ती बॅच बंदी असलेल्या पदार्थांसाठी टेस्ट केल्याची खूण बघा, बॅच नंबरचा फोटो काढा आणि थोडी पावडर त्याच डब्यात शिल्लक ठेवा, उद्या तपासायची वेळ आलीच तर हातात काहीतरी हवं ना.