निवृत्त पोलीस प्रमुख पट्ट्याबद्दल का बोलतात?

नमस्कार. अमेरिकेतला पोलीस प्रमुख म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एखादा आयुक्त येतो. तिथलं चित्र वेगळं आहे. सुमारे 18,000 स्वतंत्र दलं, आणि त्यातल्या कितीतरी दलांत दहा माणसंही नाहीत. प्रमुख बहुधा गस्तीपासून वर चढत आलेला असतो: सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन. त्याला नेमतो महापौर किंवा शहर व्यवस्थापक, आणि मर्जी फिरली की घरी पाठवणाराही बहुधा तोच. खुर्चीत असताना जे गिळावं लागलं, ते मग यातले काहीजण निवृत्तीनंतर गावोगाव हिंडून सांगतात. सांगणं अगदी रुक्ष. गाडीत सीटचा पट्टा बांधा, गोळी अडवणारं जाकीट घाला, वेग आवरा.

हसू नका. पोलीस मरतो तो गोळीनेच, असं आपण धरून चालतो. पण 2010 पर्यंत सलग कितीतरी वर्षं अमेरिकेत गोळ्यांपेक्षा वाहन अपघातांनी जास्त पोलीस नेले. त्याच सुमारास काही प्रशिक्षकांनी ‘बिलो 100’ ही मोहीम काढली. वर्षभरातले मृत्यू शंभराखाली आणायचे, एवढंच ध्येय. 1940च्या दशकानंतर तो आकडा तितका खाली आला नव्हता.

मग लोकांना दंड करणारा शिपाई स्वतः पट्टा का बांधत नाही? कमरेला पिस्तूल, बेड्या, वायरलेस. त्या गर्दीत बक्कल हाताला सापडत नाही. शिवाय गाडी थांबताच कुणी चालून आलं तर आपण आत जखडलेले राहू, ही धास्ती. धास्ती खोटी नाही, हिशेब खोटा आहे. हल्ला क्वचित होतो, गाडी मात्र रोज चालवायची असते. म्हणून नुसता आदेश काढून भागत नाही. ठिकाण जवळ आलं, वेग उतरला, की पट्टा पिस्तुलात न अडकवता कसा सोडायचा, हे हाताला वळण लागेपर्यंत घोटवून घ्यावं लागतं.

हाताच्या वळणावरून न्यूहॉल आठवतं. एप्रिल 1970, कॅलिफोर्निया. महामार्ग पोलिसांचे चार जवान काही मिनिटांत मारले गेले. त्यातल्या एकाच्या खिशात रिकामी काडतुसं सापडली, सरावात ती खिशात टाकायची सवय त्याला नडली, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. पुढे कागदपत्रं तपासणाऱ्यांनी हा तपशील दंतकथा ठरवला. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही, कारण त्या रात्रीनंतर धोकादायक गाडी थांबवायची पद्धतच बदलली, आणि ते दंतकथेवर अवलंबून नव्हतं.

जाकिटाची गोष्ट अधिक सुखाची. 1965 मध्ये ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी ज्या धाग्याची वाट उघडली, तो केवलार. शोध चालला होता टायरसाठी. 1970च्या दशकात त्याची अंगात घालायची हलकी जाकिटं झाली आणि त्यांनी 3,000हून अधिक पोलिसांचा जीव वाचवला. यातले काहीजण तर अपघातातले: स्टिअरिंगचा मार छातीऐवजी जाकिटाने झेलला!

तरी उन्हाळ्यात जाकीट लॉकरमध्येच राहायचं. 1998च्या कायद्याने केंद्र सरकार निम्म्यापर्यंत किंमत देऊ लागलं, पण घालायला कोण लावणार? 2011 पासून अनुदानाला अट आली: गणवेशातल्या पोलिसाला जाकीट सक्तीचं असल्याचा लेखी नियम दलाकडे हवा. पैसे हवेत, तर आधी नियम लिहा. आठ-दहा माणसांच्या दलातल्या प्रमुखाला ही अट सोयीचीच, कारण सक्तीचा वाईटपणा परस्पर वॉशिंग्टनच्या माथी मारता येतो.