हाताचं रनिंग-इन

(चिपळूणमध्ये मे महिन्याच्या अखेरीस कॉलेजची मुलं आणि पालक यांच्यासमोर एका गॅरेजवाल्यांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगांत मुलं बसली आहेत आणि मागे त्यांचे आईवडील. मागच्यांच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक आहे. गॅरेजमध्ये ते मला बाजूला घेऊन विचारतात, "ही बाइक घेऊन दिली ते चुकलं का हो?" मी सांगतो, चुकलं नाही, पण काम अर्धंच झालंय. उरलेल्या अर्ध्याबद्दल आज बोलतो.

अक्षय्य तृतीयेला घेतलेल्या गाड्या आता पहिल्या सर्व्हिसिंगला येताहेत. परवा एक आली. पूजेच्या हाराचा दोरा पुढच्या एक्सलला गुंडाळला होता, डिस्कपासून बोटभर अंतरावर. मी ब्लेडने एकेक पदर कापून काढत होतो आणि मालक शेजारी उभा राहून विचारत होता, "काका, रनिंगमध्ये किती पळवू?" पूजा झाली की हार काढून ठेवा, हे त्याला आधी सांगितलं. मग त्याच्या प्रश्नाचं, म्हणजे नवं इंजिन कसं रुळवायचं याचं, उत्तर दिलं. पहिले हजार किलोमीटर इंजिन लाल रेषेपर्यंत ताणू नका. एकाच वेगावर तासन् तास धरून ठेवू नका, आणि वरच्या गिअरमध्ये कमी वेगात कण्हायला लावू नका. पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल बदला, त्यात नव्या भागांचा झिजलेला बारीक धातू असतो. बाकी पुस्तकात लिहिलंय ते पाळा. इंजिनाचं रनिंग एवढंच. हाताचं रनिंग-इन, म्हणजे नव्या गाडीला चालवणाऱ्याचा हात कसा सरावायचा, हे मात्र मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

वडिलांची शंभर सीसीची गाडी साधारण ८ हॉर्सपॉवरची. तुम्ही घेतलेली १५५ सीसीची गाडी १८ च्या आसपास देते, आणि ती ताकद वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे फेरे खूप वाढले की, एकदम हातात येते. हँडल खाली, फूटरेस्ट मागे, सगळा भार मनगटावर. नवा मुलगा आठवड्यात म्हणतो, मनगटं दुखतात. दुखणारच, कारण तो हँडलला लोंबकळतो. टाकी गुडघ्यांनी आवळून धरा, कमरेवर बसा, कोपरं सैल सोडा. हँडल सैल धरलं तरच गाडी तुमचं ऐकते. शिवाय या गाडीचं हँडल पूर्ण वळत नाही. दोन दगडी गडग्यांमधल्या वाडीच्या रस्त्यावर वडिलांची गाडी एका झटक्यात फिरायची, ही तीन वेळा मागेपुढे करावी लागते. घ्यायच्या आधी शोरूममध्ये बसून दोन्ही पाय कितपत टेकतात ते बघाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बंद गाडी ढकलत अंगणात वळवून बघा. बहुतेक गाड्या पहिल्यांदा पडतात त्या उभ्या जागी, घराच्या दारात.

आता मुख्य गोष्ट, ब्रेक. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर जनावर आडवं आलं, ते डोळ्यांनी टिपलं, हात लिव्हरपर्यंत गेला, यात एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर संपले. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक मारणाऱ्याला तिथून पुढे साधारण २० मीटर लागतात, ओल्यावर ३५. बेरीज करा, पावसात ५० मीटरच्या वर. एसटी १०-१२ मीटर लांब धरली, तर चारपाच एसट्या एकामागे एक उभ्या करा. तेवढी जागा आपल्या रस्त्यावर वळणाच्या पुढे कुठे दिसते? वेग ६० चा ८० केला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दीडपटीहून जास्त वाढतं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. म्हणून माझा नियम असा: जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे.

आणि थांबणं हे शिकावं लागतं. पुढचा ब्रेक मारला की उलटतो, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले. त्यामुळे मुलं मागचा ब्रेक जोरात दाबतात. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर जातो, मागचं हलकं होतं आणि घसरतं. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचं चाक करतं. फक्त लिव्हर झटक्याने खेचायचा नाही. लिंबू पिळताना आपण आधी हलकं दाबतो आणि मग जोर वाढवतो, तसं.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. पण तुमच्या गाडीत ते दोन्ही चाकांना आहे की फक्त पुढच्या, हे इथल्या किती जणांना माहीत आहे? फक्त पुढे असेल तर मागचं चाक अजूनही लॉक होतं. एबीएस काम करायला लागलं की लिव्हर बोटांखाली थडथडतो. पहिल्यांदा ते जाणवलं की मुलगा घाबरून ब्रेक सोडतो, नेमका जिथे धरायचा तिथे. ती थडथड ओळखीची व्हायला हवी. आणि सुट्या खडीवर एबीएस असलं तरी थांबायला जास्तच जागा लागते.

ही ओळख करून घ्यायला आपल्याला सडा आहे, डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं माळरान. सड्यावरचा एखादा सरळ, मोकळा रस्ता बघा. सकाळी लवकर जा, सोबत एकाला घ्या, तो दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवील. रस्त्याच्या कडेला एक करवंटी ठेवा. ताशी ३० ने या, करवंटीपाशी ब्रेक लावा, थांबा, उतरून मागे पावलं मोजत जा. वहीत लिहा. दहा वेळा झालं की ४०, मग ५०. टायर नवे असतात तेव्हा पहिले शंभरेक किलोमीटर त्यांची पकड कमी असते, तोवर हे करू नका. आठ दिवसांत पावलं कमी होत जातात आणि पोरांचे चेहरे बदलतात, हे मी पाहिलंय. पाऊस सुरू झाला की तीच वही घेऊन पुन्हा जा. हँडल सरळ असतानाच ब्रेक, वळणात नाही.

वळणांचं सांगतो. १९९६ साली कुंभार्ली घाट उतरताना मी पडलो. आरएक्स १०० होती, माझ्या मालकीची पहिली गाडी. वळण जमत नाही असं वाटलं आणि नजर कडेच्या दगडावर गेली. गाडीही तिकडेच गेली. रस्ता रुंद होता, वळता आलं असतं. मी वळणाच्या शेवटाकडे बघितलंच नाही. हासळीचं हाड मोडलं. हातात मोजे नव्हते, तळव्यांची कातडी गेली, आणि दीड महिना आई मला भरवत होती. तेव्हापासून मी हातमोज्यांशिवाय गाडी बाहेर काढलेली नाही.

उजव्या वळणावर आणखी एक धोका आहे, जो मुलांच्या लक्षात येत नाही. चाकं आपल्या बाजूला असतात, पण गाडी कललेली असल्यामुळे डोकं आणि खांदा मधल्या पट्टीच्या पलीकडे जातो. समोरून एसटी वळणाचं पोट धरून येते. घाटातल्या अवघड वळणावर तिला तेवढी जागा लागतेच, ड्रायव्हरचा त्यात दोष नाही. आपण डाव्या कडेने वळायला सुरुवात करायची आणि मधली पट्टी लांब ठेवायची. उतारावर गिअर खालचा ठेवा, क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये घाट उतरू नका.

आणि रस्त्यावरच्या गोष्टी. पहिल्या पावसात डांबरावर साचलेलं तेल आणि धूळ वर येते, तेव्हाची निसर सगळ्यात वाईट. जांभळीखालचा काळा चिखल, चढाच्या कडेला वाहून आलेली तांबडी माती, श्रावणात झाडांच्या सावलीत डांबरावर धरलेलं शेवाळ. रात्री रस्त्याच्या मधोमध बसलेली गुरं. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जाताना ओहोटी असेल तर उतरणीची लोखंडी प्लेट तिरकी आणि ओली असते. तिथे पहिला गिअर, सरळ रेषा आणि पुढच्या ब्रेकवरून बोटं काढलेली. बोटीत गाडीपाशीच उभे राहा. घरी पोचलात की गोड्या पाण्याने धुऊन, चेन सुकवून तिला ल्यूब लावा. खारट वारं चेन किती लवकर खातं ते गुहागरच्या मुलांना सांगायला नको. वाळूत, लाटांत गाडी घालून फोटो काढणाऱ्यांच्या बेअरिंगा मी बदलतो, आणि दर वेळी वाईट वाटतं.

हेल्मेट आयएसआयचं घ्या. घालून बघताना हाताने धरून डावी-उजवीकडे फिरवा. गालाची कातडी सोबत ओढली गेली पाहिजे. हेल्मेट नुसतं फिरलं तर ते मोठं आहे. काळी काच संध्याकाळी आणि पावसात आंधळं करते. आणि एक विनंती, साडीगार्ड काढू नका. गाडी शोभत नाही म्हणून पहिल्याच दिवशी ते काढून माझ्याकडे टाकून जातात. मागच्या चाकाला आडोसा हवा, हे मोटार वाहन नियमांत आहे. ओढणी चाकात गेली की काय होतं ते मी पाहिलंय, त्याचं वर्णन इथे करणार नाही.

कागदांचं थोडक्यात. नव्या गाडीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा मिळतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि लोक ते विसरतात. चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ चा पूर आठवत असेल. पाणी ओसरल्यावर माझ्याकडे गाळाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली. ज्यांनी ढकलत आणल्या त्यांची इंजिनं बहुतेक वाचली. ज्यांनी "बघू या चालू होते का" म्हणून स्टार्टर दाबला त्यांच्यातल्या कित्येकांचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचे दांडे, वाकले, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नका. आणि इंजिनाचं जादा संरक्षण विम्यात घेतलंय का, ते आज घरी जाऊन बघा.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी सड्यावर असेन. नव्या गाड्या असतील त्यांनी या, गाडी अजून घ्यायची असेल त्यांनीही या, पालक आले तर मला फार आनंद होईल. हेल्मेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट आणि एक वही. करवंट्या मी आणतो.