पडद्यावर इतकं रक्त कशाला?

[१९८० सालचं दृश्य. पलंगावर पडलेला तरुण, गळ्यातून वर येणारा बाण.]

हा तरुण केव्हिन बेकन. खरं म्हणजे पलंगावर त्याचं फक्त डोकं आहे. बाकीचा केव्हिन गादीला पाडलेल्या भोकाखाली अंग चोरून बसलाय. आपल्याला दिसणारी मान आणि छाती रबराची आहे. चित्रपट ‘फ्रायडे द थर्टीन्थ’. पलंगाखाली स्पेशल इफेक्ट्सचे टॉम सॅव्हिनी बाण वर ढकलतायत, सहाय्यक पंपाने रक्त सोडतोय, आणि ऐन वेळी पंपाची नळी निसटते. सहाय्यकाने क्षणाचाही विचार न करता नळी तोंडात धरली आणि जोरात फुंकली. गळ्यातून रक्ताचे बुडबुडे उसळले ते असे. पंपाला काही हे जमलं नसतं.

सॅव्हिनी व्हिएतनामच्या युद्धात लष्करी छायाचित्रकार होते. प्रेतं त्यांनी फार जवळून पाहिली होती, म्हणून त्यांच्या जखमा खऱ्या वाटतात असं नेहमी सांगितलं जातं. असेलही. पण प्रेक्षक काही खरी जखम बघायला आलेला नसतो.

जोनाथन हाइट, क्लार्क मॅकॉली आणि पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना काही खऱ्या चित्रफिती दाखवल्या: कत्तलखान्यातल्या गाई, चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया. नको वाटेल तेव्हा बंद करायची मुभा होती. बहुतेकांनी त्या शेवटपर्यंत पाहिल्याच नाहीत. चित्रपटगृहात याहून भयंकर प्रकार लोक पैसे मोजून, पॉपकॉर्न खात बघतात. तिथे पार्श्वसंगीत असतं, कॅमेरा नेमक्या वेळी जागा बदलतो, आणि आत्ता मेलेला नट पुढच्या चित्रपटात दिसणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रेक्षक आणि रक्त यांच्यामध्ये एक कुंपण असतं. अतिहिंसेची ओढ कधी वाढते, कधी ओसरते, त्याचं कारण मला या कुंपणापाशी सापडतं.

अजून एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेवू. नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस मानले. एकाच्या मुळाशी भय, दुसऱ्याच्या मुळाशी जुगुप्सा, म्हणजे किळस. भयपटांबद्दल बोलताना आपण त्यांची सर्रास सरमिसळ करतो.

[‘सायको’ चित्रपटातली बाथरूम. कृष्णधवल.]

१९६०. पाऊण मिनिटाचा हा खून चित्रित करायला सात दिवस लागले. सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. पाण्याबरोबर वाहून जातंय ते चॉकलेट सिरप. कृष्णधवल फिल्मवर ते रक्त म्हणून छान खपून जायचं. हा भयानक रस. तीनच वर्षांनी हर्शेल गॉर्डन लुईस यांनी मोठ्या स्टुडिओंच्या बाहेर राहून, साधारण २५ हजार डॉलरमध्ये ‘ब्लड फीस्ट’ काढला. रंगीत. त्यात एका बाईची जीभ उपटली जाते. ती जीभ मेंढीची होती. अभिनय यथातथा, कथेबद्दल न बोललेलंच बरं. तरी लोक गेले, आणि गेले ते किळस वाटून घ्यायलाच.

लुईस यात पहिले नव्हेत. पॅरिसमधलं ‘ग्राँ गिन्योल’ हे छोटेखानी नाट्यगृह १८९७ मध्ये सुरू झालं. रंगमंचावर डोळे काढले जात, गळे चिरले जात. पॉला मॅक्सा ही तिथली नटी इतक्या वेळा मारली गेली की जगात सर्वाधिक खून झालेली बाई अशीच तिची ख्याती झाली. प्रेक्षकांत कोणी बेशुद्ध पडलं की नाट्यगृहाची फुकट जाहिरात! १९६२ मध्ये ते बंद पडलं. शेवटच्या संचालकांनी दिलेलं कारण असं, की दुसऱ्या महायुद्धाआधी लोकांना रंगमंचावरचं सारं अशक्य कोटीतलं वाटे. नाझींची बुखेनवाल्डची छळछावणी जगाने पाहिल्यावर तसं वाटेना. कुंपणच उरलं नाही.

[‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’, १९७४.]

यात रक्ताचे पाट वाहतात असं पाहिलेले लोक शपथेवर सांगतात. पुन्हा बघा. मुलीला मांसाच्या आकड्याला टांगतात तेव्हा आकडा अंगात शिरताना दिसत नाही. दिग्दर्शक टोबी हूपर यांना तर सौम्य प्रमाणपत्राची आशा होती! ब्रिटनच्या सेन्सॉरने मात्र १९९९ पर्यंत देशभर दाखवायला प्रमाणपत्र दिलं नाही. कापून सौम्य करावा, तर कापण्याजोगं फारसं हाती लागेना. दहशत दृश्यांत कमी आणि करवतीच्या आवाजात जास्त होती.

मग कॅसेटवर चित्रपट दाखवणारा व्हीसीआर घरोघरी आला आणि बघण्याची रीतच बदलली. खुनाचं दृश्य थांबवता येऊ लागलं, मागे नेता येऊ लागलं. रबर कुठे चिकटवलंय ते शोधायचं, मित्रांना दाखवायचं. १९७९ मध्ये सुरू झालेलं ‘फँगोरिया’ हे मासिक तर नकली जखमांची कृतीच छापायचं. मेकअपवाल्यांना नटांइतके चाहते मिळाले. ब्रिटनने घाबरून १९८४ मध्ये व्हिडिओसाठी वेगळा कायदा केला, आक्षेपार्ह चित्रपटांच्या याद्या निघाल्या, आणि पोरं त्या याद्या घेऊन कॅसेट शोधू लागली. व्हायचं तेच झालं.

आता अवघड भाग. २००४ मध्ये इराकमधल्या अबू घ्रैब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या छळाची छायाचित्रं जगभर पोचली. त्याच वर्षी ‘सॉ’ आला, पुढच्या वर्षी ‘हॉस्टेल’. पाठलाग नाही, धावाधाव नाही. माणूस खुर्चीला बांधलेला आणि छळणाऱ्याकडे वेळच वेळ. ‘ग्राँ गिन्योल’च्या न्यायाने हे चित्रपट साफ पडायला हवे होते. उलट सुमारे १२ लाख डॉलरच्या ‘सॉ’ने १० कोटींहून अधिक कमावले. २००६ मध्ये समीक्षक डेव्हिड एडलस्टीन यांनी या साऱ्या प्रकाराला ‘टॉर्चर पोर्न’ म्हटलं. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मला वाटतं, ‘सॉ’मध्ये कुंपण होतं. तिथले सापळे म्हणजे कोडी: चावी कुठे आहे, वेळ किती उरलाय, आपण असतो तर काय केलं असतं? प्रेक्षक यंत्रात गुंततो. ‘हॉस्टेल’मध्ये कोडं नव्हतं, फक्त छळ होता. २००७ मधला त्याचा दुसरा भाग पहिल्याच्या निम्मेही कमावू शकला नाही. पुढे कोडीही शिळी झाली. ऑक्टोबर २००९ मध्ये ‘सॉ’चा सहावा भाग लागला आणि त्याला हरवलं ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ने. खर्च जेमतेम १५ हजार डॉलर. झोपलेलं जोडपं आणि आपोआप हलणारं दार.

त्यानंतरची काही वर्षं भयानक रसाची. ‘द बाबाडूक’मध्ये पतीच्या मृत्यूचं दुःख, ‘गेट आउट’मध्ये वंशद्वेष. रक्त आलं तर बेतानंच.

[जोकराचा रंगवलेला चेहरा. तो हसतो, आवाज येत नाही.]

आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘टेरिफायर ३’ अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात कमाईत अव्वल ठरला. दिग्दर्शक डेमियन लिओन मूळचे मेकअपवाले. यातले खून ‘हॉस्टेल’पेक्षा लांब आणि कितीतरी घाण आहेत. मला काही भाग बघवला नाही. पण आर्ट नावाचा यातला खुनी जोकर एक शब्द बोलत नाही, मूकनाट्यासारखे हावभाव करतो, आणि आतडी इतकी भरमसाट निघतात की लोक हसत सुटतात. रबर लपवायचा कोणी फार प्रयत्नही करत नाही. आज फोनवर खरी हिंसा न मागता समोर येते, तिला ना पार्श्वसंगीत ना दुसरा कॅमेरा. अशा काळात उघडउघड खोटं रक्त हवंसं वाटलं, तर त्यात मला विकृती दिसत नाही.

२०२४ मधल्याच ‘द सबस्टन्स’मध्ये शेवटी भरल्या सभागृहावर रक्ताचे फवारे उडतात. मार्च २०२५ मध्ये त्याला मेकअप आणि केशभूषेचं ऑस्कर मिळालं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनांतही तो होता.