चौकट आखतानाच बेल आखा

नमस्कार. समोर वास्तुरचनेचे विद्यार्थी आहेत, काही बांधकाम व्यावसायिक आहेत आणि पुनर्विकासाच्या धावपळीत असलेल्या सोसायट्यांचे पदाधिकारीही दिसताहेत. विषय लहान वाटेल. इमारतीच्या दाराशी जो इंटरकॉम बसतो, ज्याला आपण सर्रास व्हिडिओ डोअरफोन म्हणतो, त्याचं बाहेरचं पॅनेल इमारतीच्या रूपाला साजेसं कसं करून घ्यायचं, एवढंच आज बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ते पॅनेल दाराचंच एक अंग आहे, त्यामुळे ज्या दिवशी दार आखलं जातं त्याच दिवशी तेही आखलं गेलं पाहिजे. उशीर झाला की आपल्या हातात फक्त रंग उरतो.

कोथरूड, बाणेर, खराडी, कुठल्याही नव्या इमारतीच्या लॉबीत जाऊन बघा. इटालियन मार्बल असतो, सागाचं व्हिनियर असतं, लपवलेले दिवे असतात. आणि या सगळ्याच्या मधोमध राखाडी प्लॅस्टिकची पेटी, तिच्या डोक्यावरून मार्बलवर चिकटवलेली पांढरी केसिंग पट्टी. यात वायरमनचा काही दोष नाही. त्याला बोलावलं तेव्हा भिंत पूर्ण झाली होती. तोडू नका म्हणून सांगितलं, मग त्यानं वरून वायर ओढली.

आपल्या गावात दाराशी कोण आलंय हे विचारण्याची व्यवस्था बांधकामातच असायची. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर टोकदार खिळे, आणि त्या अवाढव्य फळीतच माणसापुरती दिंडी. दरवाजातून आत शिरलं की देवडी, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांना बसायला ओटे. पुढच्या काळातल्या, १८०७ मध्ये पूर्ण झालेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातही आत जाण्याची वाट आणि वरची नक्षीदार सागवानी मेघडंबरी यांचा विचार एकत्र झालेला दिसतो. येणाऱ्यानं कुठे थांबायचं, त्याचा चेहरा कुणाला दिसावा, उन्हापावसात त्याच्या डोक्यावर काय असावं, हे सगळं गवंडी आणि सुतार मिळून ठरवत. देवडीचं ते काम आज एक तळहाताएवढं यंत्र करतं. त्याला जागा देणं मात्र आपण विसरलो.

यंत्राबद्दल थोडक्यात. दाराशी बोलण्याची यंत्रणा बनवणाऱ्या जुन्या घराण्यांपैकी एक म्हणजे जर्मनीतल्या फुर्टवांगेन गावची झीडले कंपनी. ती १७५० साली ओतकामातून सुरू झाली. अलीकडचं मोठं वळण आलं ते २००८ मध्ये, जेव्हा प्रागच्या टूएन कंपनीनं नेटवर्कवर चालणारा इंटरकॉम बाजारात आणला. आता एकाच नेटवर्क केबलमधून वीज, आवाज आणि चित्र जातं. साध्या पीओई स्विचच्या, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज पुरवणाऱ्या जोडपेटीच्या, एका पोर्टमधून १५.४ वॉट मिळतात, पॅनेलला तेवढे बहुतेक वेळा पुरतात. पण ही तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच चालते. गेटपासून सर्व्हर रूम दूर असेल, आणि मोठ्या सोसायट्यांत ती असतेच, तर मध्ये फायबर किंवा दुसरा स्विच लागतो. म्हणजे पाइप जमिनीखालून कुठून न्यायचा हे लँडस्केपच्या ड्रॉइंगमध्येच यायला हवं.

आता उजेडाकडे येते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. आपल्याकडे पूर्वाभिमुख दाराचा आग्रह बहुतेकांचा असतो. पॅनेल दाराशेजारी, पूर्वेकडे तोंड करून बसवलं जातं. सकाळी साडेसात-आठला ऊन थेट लेन्समध्ये शिरतं, आणि नेमकी तीच वेळ दूधवाल्याची, कामाच्या मावशींची, शाळेच्या रिक्षावाल्या काकांची. वरच्या मजल्यावरच्या पडद्यावर फक्त काळी सावली दिसते. उजेड-अंधाराचा तोल सांभाळणारे कॅमेरे मिळतात, थोडा फरक पडतो, पण समोर सूर्यच असेल तर तेही हात टेकतात. उपाय भिंतीत आहे. दार भिंतीपासून दोन-अडीच फूट आत घ्या आणि पॅनेल त्या आत वळलेल्या कडेच्या भिंतीवर, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून बसवा. येणारा माणूस तिकडे वळून उभा राहतो, त्याच्या मागे सूर्याऐवजी समोरची भिंत येते, आणि डोक्यावर आपोआप छप्पर मिळतं. पश्चिमेच्या दाराला तर हे दुप्पट लागू, कारण आपला पावसाळाही तिकडूनच येतो.

उंचीचं असंच. कॅमेरा चेहऱ्यासमोर हवा म्हणून सगळं पॅनेल पाच फुटांवर चढवतात. मग व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात बटणापर्यंत पोचत नाही, लहान मुलाचाही नाही. बसलेल्या माणसाचा हात पोचण्याची वरची मर्यादा साधारण १२०० मिलीमीटर धरतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली आला, तरी आपल्या लॉबीतली बटणं अजून वरच आहेत. मॉड्यूल वेगवेगळे मिळणारी पॅनेल घ्या. कॅमेरा वर, बटणं खाली, आणि दोन्हींना जोडणारी एकच उभी धातूची किंवा दगडाची पट्टी. अशी पट्टी चौकटीच्या बाजूला इतकी शोभून दिसते की ती मुद्दाम तशी आखली असंच वाटतं. आणि ती आखलेलीच असायला हवी.

दगडाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. पुण्याचा दगड म्हणजे काळा पाषाण, बेसॉल्ट. प्रभात रोडकडच्या जुन्या बंगल्यांची कंपाउंड वॉल पाहिलीत तर दगडाचा दर्शनी भाग ओबडधोबड, फुगीर ठेवलेला असतो. असल्या भिंतीत पॅनेल बसवायचं काम आमच्याकडे आलं होतं. पॅनेलच्या कागदावर आयपी ६५ लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा झोतही झेपेल. पण ती हमी मागचं रबर गॅस्केट सपाट पृष्ठभागावर चेपून बसलं तरच. ओबडधोबड दगडावर ते बसत नाही, फटीतून पाणी शिरतं. आम्ही पाथरवटाला बोलावलं. त्यानं भिंतीतला एकच चिरा निवडला, त्याच्या मध्यभागी पॅनेलएवढा खाचा घेतला आणि खाच्याभोवती दोन बोटं रुंदीची पट्टी छिन्नीनं सपाट घडवली. बाकी चिरा होता तसाच फुगीर. वरच्या कडेला, पुढे आलेल्या दगडाच्या पोटात एक बारीक खोबण मारली, म्हणजे पाणी आत न ओघळता तिथूनच टपकतं. सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना लावलं, खालची कड मोकळी ठेवली, कारण आत जे थोडं पाणी जाईल त्याला बाहेर पडायला वाट लागते. खाचा फार खोलही घ्यायचा नाही. खोल कोनाड्यात आवाज घुमतो, आणि रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड कडांवर आपटून चित्रावर पांढरा धूर पसरतो.

धातूची प्लेट करून घेणार असाल तर कसबा पेठेतली तांबट आळी पायांखालून घाला. तिथलं मठारकाम, म्हणजे ठोके देऊन उमटवलेली तांब्याची ती चमक, आपण हंड्या-घागरींवर पाहिली आहे. तेच तांबं प्रवेशद्वाराशी फार सुंदर दिसतं. दोन गोष्टी मात्र कारागिराला आधी सांगा. एक, कडेचा सेंटीमीटरभर भाग ठोक्यांशिवाय सपाट ठेवायचा, गॅस्केटसाठी. दुसरी, कार्ड वाचणारा भाग धातूनं झाकायचा नाही. सोसायटीची ॲक्सेस कार्डं बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात आणि ती लहर तांब्याच्या पत्र्यातून जात नाही. तिथे काळ्या काचेची किंवा ॲक्रिलिकची खिडकी ठेवावी लागते. मग ती खिडकीच रचनेचा भाग करा, नावांच्या ओळींशी तिची कड जुळवून घ्या. तांबं काळवंडणार, आणि बटणाभोवती रोजच्या बोटांनी उजळ राहणार. ते पुसून एकसारखं करायला जाऊ नका. ज्यांना असा बदल नकोच असेल त्यांनी पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम घ्यावं, खिडक्यांच्या सेक्शनचा जो रंग आहे त्याच नंबरचा.

नावं. पुण्यात दारावरच्या नावाला मान आहे, आणि तो मान मला फार मोलाचा वाटतो. तरीही पॅनेलवर नावं इंग्रजीतच का? स्क्रीनवाली पॅनेल घेताना 'क्षीरसागर', 'कुलकर्णी', 'द्रविड' ही नावं समोर उभं राहून टाइप करून बघा. काही पॅनेलवर जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. विक्रेता अपडेट येईल म्हणतो. अपडेट आल्यावर पैसे देऊ, असं त्याला सांगायला हरकत नाही. कोरलेली पट्टी करणार असाल तर शिरोरेषा आणि मात्रांना जागा लागते. इंग्रजीला जी उंची पुरते त्यापेक्षा देवनागरीला ओळ मोकळी सोडा, नाहीतर वरच्या नावाचा उकार आणि खालच्या नावाची वेलांटी एकमेकांत अडकतात. लेझरनं कोरलेल्या अक्षरांत रंग भरून घ्या. संध्याकाळी सत्तरीतल्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.

पेठांतल्या वाड्यांचं काम वेगळं. अशा एका वाड्याच्या मालकीणबाईंनी मला पहिल्याच भेटीत बजावलं, "बाई, गणेशपट्टीला हात लावायचा नाही, आणि चौकटीला एकही नवं भोक नको." अट योग्यच होती. तिथे आम्ही दोन तारांवर चालणारी यंत्रणा घेतली, कारण जुन्या बेलची तारांची जोडी भिंतीत धड होती आणि तिच्यावरच आवाज व चित्र दोन्ही नेता आलं. पॅनेल दाराबाहेरच्या ओट्यालगत विटांच्या सांध्यात बसवलं, म्हणजे उद्या काढलं तरी फक्त चुना भरायचा. कुलूप म्हणून विजेवरच्या चुंबकाचा आग्रह एकानं धरला होता. ती २७० किलो ताकदीची चकचकीत पट्टी सागाच्या कोरीव दाराला ठोकणं मला मान्य नव्हतं. शिवाय वीज गेली की चुंबक सुटतो. इमारतीच्या सुटकेच्या मार्गावर ते बरोबर आहे, कारण आग लागली तर दार उघडलंच पाहिजे, पण वाड्याच्या मुख्य दाराला नाही. कडी-कोयंडा तसाच राहिला, दिंडीच्या आतल्या बाजूला छोटं विजेचं कुलूप आलं.

हल्ली सोसायट्यांच्या सभांत एक सूर ऐकू येतो: ॲप आहेच, मग पॅनेल कशाला? मला हे पटत नाही. ॲप रहिवाशासाठी असतं. दाराशी आलेला माणूस फोनची बॅटरी संपलेला असू शकतो, साधा फोनवाला असू शकतो, गावाहून आलेले मामा असू शकतात. त्याला हात ठेवायला एक जागा हवी. कॅमेराही फक्त त्या उभ्या माणसापुरता बघू दे. समोरच्या फ्लॅटचं दार, त्यांच्या चपला, त्यांची ये-जा त्यात येता कामा नये. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ साली झाला, पण शेजारधर्म त्याच्या फार आधीचा आहे.

विद्यार्थ्यांसाठी कामाचं एक सांगते. प्रवेशद्वाराचं एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं चित्र, एकास दहा प्रमाणात काढा आणि त्यात पॅनेल, त्याच्यामागे भिंतीत बसणारी पेटी म्हणजे बॅक बॉक्स, पाइप सगळं दाखवा. मग पुठ्ठ्याचं पॅनेल कापून जागेवर चिकटवा, आणि सोसायटीतल्या सगळ्यात उंच माणसाला, सगळ्यात लहान मुलाला आणि काठी घेऊन चालणाऱ्या आजींना ते दाबायला सांगा. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा फोनवर फोटो काढा, उजेड तिथेच कळतो. यंत्र काही वर्षांनी बदलावं लागणार, भिंत राहणार. म्हणून बॅक बॉक्स गरजेपेक्षा मोठा घ्या, पुढची प्लेट वेगळी निघेल अशी करा, आणि भिंतीत २५ मिलीमीटरचा एक जादा पाइप आत ओढदोरी घालून, दोन्ही तोंडं बंद करून ठेवा. त्या पाइपाची जागा सोसायटीच्या फाइलमध्ये मापासह लिहून ठेवा. ज्यांनी आपापल्या प्रवेशद्वाराचे नकाशे सोबत आणले आहेत त्यांनी ते टेबलावर पसरा, आपण एकेक बघू.